तोंडी आदेश: अफगाणिस्तानात प्रसाविकांचे शिक्षण बंद झाल्याचे प्रकरण

२ डिसेंबर २०२४ रोजी, सोमवारी, काबूलमध्ये अफगाणिस्तानच्या सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाने वैद्यकीय प्रशिक्षण संस्थांच्या संचालकांची बैठक बोलावली आणि तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदजादा यांचा आदेश त्यांच्या कानावर घातला. यापुढे मुलींना आणि स्त्रियांना या संस्थांच्या वर्गांत बसता येणार नाही, एवढाच त्याचा आशय होता. आदेशाची लेखी प्रत प्रसिद्ध झाली नाही आणि त्यामागचे कारणही कोणी जाहीर केले नाही. पुढच्या एकदोन दिवसांत प्रसाविका (म्हणजे प्रशिक्षित सुईण), परिचर्या, दंतचिकित्सा, प्रयोगशाळा, औषधनिर्माण अशा विषयांच्या पदविका शिकणाऱ्या मुली संस्थांच्या आवारातून रडत, आणि काही ठिकाणी निषेधाचे गाणे म्हणत, बाहेर पडतानाच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. या मुलींची संख्या कोणी १७,००० सांगितली, तर कोणी ३५,०००. मोजणीत कोणते अभ्यासक्रम धरायचे यावर ती बदलते. लहान आकडा धरला तरी प्रकरणाचे गांभीर्य कमी होत नाही.

अफगाण मुलींच्या शिक्षणबंदीविषयी लिहिताना साधारणपणे सहावीनंतर बंद झालेल्या शाळांपासून सुरुवात होते, आणि ते योग्यच आहे. तरीही अभ्यासासाठी हे प्रकरण निवडण्याचे एक कारण आहे. मुलींच्या शिक्षणातील अडथळ्यांची नेहमीची यादी, म्हणजे गरिबी, घरच्यांचा विरोध, शाळेचे अंतर, शिक्षिकांचा अभाव, लढाई, ही येथे जवळपास लागूच पडत नाही. या मुलींना घरच्यांनी पाठवले होते आणि खासगी संस्थांमध्ये पदरमोड करून शुल्क भरले होते. वर्ग मुलांपासून वेगळे होते, पोशाखाचे नियम पाळले जात होते आणि ज्या मंत्रालयाने वर्ग बंद केले, त्याच मंत्रालयाला या मुली हव्या होत्या. समाजाची गरज, कुटुंबाची संमती आणि सरकारी खात्याची सोय या तिन्ही गोष्टी एका बाजूला असताना शिक्षण कसे बंद होते, हे या एका प्रकरणात जितके उघडपणे दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

प्रसाविका कशी घडली

आपल्याकडे सरकारी कागदात ‘प्रसाविका’ असते, बोलण्यात ती ‘नर्सबाई’ होते, आणि तिच्या आधीच्या काळात गावोगावी सुईण होती. दारी भाषेत प्रशिक्षित प्रसाविकेला ‘काबिला’ म्हणतात. तालिबानची पहिली राजवट (१९९६ ते २००१) संपली तेव्हा साऱ्या देशात अशा प्रसाविका अवघ्या ४६७ असल्याची नोंद आहे. २००२ साली झालेल्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मातामृत्यू आढळले. बदख्शान प्रांताच्या राघ जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ६,५०० होते, आणि जगात कोठेही नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांत त्याची गणना होते. राघपर्यंत धड रस्ता नव्हता आणि हिवाळ्यात बर्फामुळे गावे तुटत. पण मृत्यूंची कारणे अनोळखी नव्हती: रक्तस्राव, अडलेले बाळंतपण, झटके, जंतुसंसर्ग. यातली बहुतेक कारणे शिकलेल्या हातांना वेळेवर आवरता येतात.

त्यानंतर उभ्या राहिलेल्या सामुदायिक प्रसाविका शिक्षणाच्या कार्यक्रमाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण ‘त्यांच्या परंपरेतच मुलींना शिकवत नाहीत’ या सोप्या विधानाला त्यात परस्पर उत्तर मिळते. प्रसाविका जेथे नव्हती अशा भागातूनच मुलगी निवडायची, निवडीत गावच्या शूरेला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मंडळाला, सहभागी करून घ्यायचे, घरच्यांची संमती आधी मिळवायची, प्रांताच्या ठिकाणी वसतिगृहात ठेवून शिकवायचे आणि शिक्षण पुरे झाल्यावर तिने परत आपल्याच भागात काम करायचे, अशी ही पद्धत होती. लग्न झालेल्या, तान्हे मूल असलेल्या विद्यार्थिनींसाठी वसतिगृहात मुलांची सोय करावी लागे. ज्या गावांनी मुलींच्या शाळेला विरोध केला असता, त्यांतल्या कित्येक गावांनी आपली सून किंवा लेक या अभ्यासक्रमाला पाठवली, कारण शिक्षणाचा उपयोग त्यांना आपल्याच ओसरीवर दिसणार होता. २००५ मध्ये अफगाण प्रसाविकांची स्वतःची संघटनाही उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० साली मातामृत्यूचे प्रमाण एक लाखामागे ६२० पर्यंत खाली आले होते. हा आकडा अजूनही भयंकर आहे, आणि त्याचे सगळे श्रेय प्रसाविकांना देता येणार नाही. रस्ते, दवाखाने, औषधे आणि परदेशी पैसा यांचाही त्यात वाटा आहे. पण बाळंतपणाच्या खोलीत स्त्रीच हवी असा आग्रह असलेल्या समाजात यातले काहीही प्रसाविकेवाचून त्या खोलीपर्यंत पोचले नसते.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) सभेत अठराव्या वर्षात असलेल्या आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेत वैद्यक शिकायला का जात आहोत हे सांगितले, तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की पुरुष डॉक्टरपुढे संकोचणाऱ्या बायकांसाठी बायकाच डॉक्टर व्हायला हव्यात. संकोच मोडण्याची वाट न पाहता त्याच संकोचाच्या आधारे शिक्षणाचा हक्क मागण्याची ही रीत होती, आणि अफगाण कार्यक्रमाने अजाणता तीच वापरली.

दारे कोणत्या क्रमाने बंद झाली

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये आले. सप्टेंबरमध्ये सातवीपासून पुढच्या शाळा उघडण्याची घोषणा झाली तेव्हा तिच्यात फक्त मुलांचा आणि शिक्षकांचा उल्लेख होता. मुलींना येऊ नका असे कोणी म्हटले नाही, त्यांचे नावच घेतले नाही. २३ मार्च २०२२ रोजी नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना शिक्षण मंत्रालयाने मुलींच्या माध्यमिक शाळाही उघडणार असे जाहीर केले होते. मुली गणवेश घालून वर्गात पोचल्या आणि काही तासांतच त्यांना घरी पाठवण्यात आले. मंत्रालयाची तयारी, ऐन वेळी वरून आलेला नकार आणि ‘तूर्तास’ हा शब्द, असा जो नमुना त्या दिवशी दिसला तोच पुढे डिसेंबर २०२४ मध्ये दिसला.

मधल्या काळातला एक विचित्र प्रसंग या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२२ च्या सुरुवातीला बहुतेक प्रांतांतील बारावीच्या मुलींना शालान्त परीक्षेला बसू देण्यात आले. वर्षभरात त्यांनी वर्गाचे तोंडही पाहिले नव्हते. तरी ज्या उत्तीर्ण झाल्या त्यांच्या हाती प्रमाणपत्र पडले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २० डिसेंबरला, उच्च शिक्षणमंत्री नेदा मोहम्मद नदीम यांच्या पत्राने विद्यापीठे स्त्रियांना बंद झाली, आणि पुढच्या वर्षी ‘कानकोर’ या प्रवेशपरीक्षेलाही त्यांना बसता आले नाही. बारावीचे प्रमाणपत्र हाती आहे आणि विद्यापीठ बंद आहे, अशा हजारो मुली एकाच वेळी तयार झाल्या. त्यांच्यापुढे उरलेली जागा म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील पदविका संस्था. डॉक्टर, वकील, अभियंता व्हायचे ठरवलेल्या मुली प्रसाविका आणि परिचारिका व्हायला आल्या. काहींना त्या कामाची ओढ होती, काहींना फक्त कोठेतरी शिकत राहायचे होते; दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दुसरीला कमी लेखण्याचे कारण नाही.

या संस्था सुरू राहिल्या याचे कारण मंत्रालयांच्या रचनेत दडलेले आहे. शाळा शिक्षण मंत्रालयाकडे, विद्यापीठे उच्च शिक्षण मंत्रालयाकडे, तर या पदविका आरोग्य मंत्रालयाकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांतून स्त्रियांना काढले गेले तेव्हाही आरोग्यसेवेला वगळण्यात आले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर काही प्रांतांत बारावी झालेल्या मुलींना वैद्यकीय संस्थांमध्ये प्रवेश घेता येईल असे सरकारी वृत्तसंस्थेनेच सांगितले. बाहेरच्या निरीक्षकांना हा अपवाद व्यवहारी शहाणपणाची खूण वाटला. स्त्रियांवर उपचार स्त्रियांनीच करावेत असा आग्रह धरायचा, काही प्रांतांत पुरुष वैद्यकांना स्त्रीरुग्णांवर उपचार करायला मनाई करायची, आणि स्त्रीवैद्यक मात्र घडू द्यायच्या नाहीत, असे कोणतीही राजवट करणार नाही, असा तो हिशेब होता. दहा महिन्यांत तो खोटा ठरला.

आणि हा अपवाद तसाच राहिला असता तरी तो कायमचा टिकणारा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. पदविकेला शालेय शिक्षण लागते. २०२१ मध्ये सहावीत असलेली मुलगी सुरळीत शिकली असती तर २०२७ मध्ये बारावी झाली असती. ती सहावीतच थांबली. प्रवेशासाठी पात्र मुलींचा साठा २०२२ च्या त्या परीक्षेपाशी गोठला होता आणि दर वर्षी घटत होता. म्हणजे वरची टाकी बंद करून खालचा नळ चालू ठेवला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो नळही बंद झाला.

निर्णय कोठे झाला

अफगाणिस्तानचे मंत्री काबूलमध्ये बसतात, सर्वोच्च नेते कंदाहारमध्ये. काबूलच्या मंत्रालयांना पगार, औषधे, परदेशी शिष्टमंडळे आणि रुग्णालयातल्या रांगा यांना रोज तोंड द्यावे लागते. कंदाहारला ते द्यावे लागत नाही. आरोग्य मंत्रालयातील अधिकाऱ्यांना प्रसाविकांच्या तुटवड्याची कल्पना नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण देशाला आणखी सुमारे १८,००० प्रसाविकांची गरज असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था सांगतच होत्या. तरीही मंत्रालयाचे काम आदेश पोचवण्यापुरतेच राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये ३५ कलमांचा जो नीतिनियमांचा कायदा आला, ज्यात स्त्रीचा आवाजही झाकण्याच्या गोष्टींमध्ये गणला गेला, त्याच्याच पाठोपाठ हा आदेश आला हे पाहता तो प्रशासनाची चूक किंवा गैरसमज नव्हता असे मला वाटते. ज्या जागेत स्त्रियांना एकमेकींना भेटता, शिकता आणि कमावता येत होते अशी ती शेवटची मोठी जागा होती, आणि तिची उपयुक्तता तिला वाचवू शकली नाही.

आतून विरोध झालाच नाही असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझई यांनी खोस्तमधील एका पदवीदान समारंभात उघडपणे सांगितले की या बंदीला शरियतचा आधार नाही, आणि चार कोटींच्या देशात दोन कोटी लोकांवर अन्याय होत आहे. स्तानिकझई हे तरुणपणी डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत शिकलेले. तालिबानच्या वरच्या फळीत त्यांचे स्थान लहान नव्हते. त्या भाषणानंतर काही दिवसांतच ते संयुक्त अरब अमिरातीत असल्याच्या बातम्या आल्या.

देशाबाहेर राहणाऱ्या पण देशात ज्यांचा शब्द ऐकला जातो अशांमध्ये सर्वांत ठळक आवाज क्रिकेटपटू राशिद खान यांचा होता. त्यांनी बंदीची बातमी आल्याबरोबर समाजमाध्यमावर लिहिले, इस्लाममधील ज्ञानार्जनाच्या महत्त्वाचा दाखला दिला आणि देशाला स्त्री डॉक्टरांची व परिचारिकांची नितांत गरज असल्याचे सांगून फेरविचाराची विनंती केली; मोहम्मद नबी यांनीही तेच केले. हे दोघेही याच राजवटीच्या काळात देशाच्या नावाने खेळत होते, म्हणून त्यांच्या विनंतीची भाषा मवाळ होती, आणि तरी ती करायला धैर्य लागले. धर्माच्या अंगाने याहून वजनदार आक्षेप आधीच आला होता: २०२२ च्या विद्यापीठबंदीनंतर कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरियतशी विसंगत असल्याचे म्हटले होते. कंदाहारवर यातल्या कशाचाही परिणाम झालेला नाही.

परिणाम कसे दिसू लागले

शिक्षणबंदीचा परिणाम उशिरा दिसतो, आणि हीच तिच्या मोजमापातली अडचण आहे. आज कामावर असलेली प्रसाविका उद्याही कामावर असते. जी घडलीच नाही तिची अनुपस्थिती तीनचार वर्षांनी जाणवते. मार्च २०२५ मध्ये युनिसेफने २२ लाख मुली शाळेबाहेर असल्याचे सांगितले, आणि बंदी २०३० पर्यंत टिकली तर ही संख्या ४० लाखांच्या पुढे जाईल असा अंदाज वर्तवला. प्रशिक्षित स्त्रियांच्या तुटवड्यामुळे जादा १,६०० मातामृत्यू आणि ३,५०० हून अधिक अर्भकमृत्यू होण्याची शक्यताही तिने त्याच वेळी मांडली. हे अंदाज आहेत, घडलेल्या घटनांची मोजदाद नव्हे. तरी दिशा कळायला ते पुरेसे आहेत.

एकदा मात्र परिणाम थेट डोळ्यांसमोर आला. ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री पूर्वेकडील कुनार प्रांतात भूकंप झाला आणि २,२०० हून अधिक माणसे दगावली. डोंगरउतारावरच्या मातीच्या घरांतून जखमींना बाहेर काढताना आणि त्यांच्यावर उपचार करताना स्त्री कर्मचारी फारच कमी होत्या. परक्या पुरुषाने स्त्रीला हात लावायचा की नाही या प्रश्नावर मदत अडखळली. स्त्री मदतकर्मींना पुरुष पालकाशिवाय, म्हणजे महरमशिवाय, फिरू द्यावे अशी मागणी जागतिक आरोग्य संघटनेला त्या दिवसांत करावी लागली. ज्या मुलींना नऊ महिन्यांपूर्वी वर्गातून बाहेर काढले होते, त्यांपैकी शेवटच्या सत्रातल्या मुली तोपर्यंत पदविका घेऊन कामाला लागल्या असत्या.

पर्यायांचे काय झाले

घरात चालणारे गुप्त वर्ग, मदरसे आणि इंटरनेट हे तीन पर्याय नेहमी सांगितले जातात. प्रसाविकेच्या बाबतीत तिन्ही लंगडे पडतात. मदरशात कुठल्याही वयाच्या मुलीला जाता येते, पण तेथे नाळ कापायला शिकवत नाहीत. ऑनलाइन वर्गात शरीररचना शिकता येईल. आडवे आलेले बाळ वळवणे किंवा रक्तस्राव थांबवणे हे प्रसूतिगृहात, शिकवणाऱ्या बाईच्या शेजारी उभे राहूनच येते. शिवाय इंटरनेटही भरवशाचे राहिलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आधी बल्ख व इतर काही प्रांतांत फायबर जोडण्या तोडल्या गेल्या, आणि महिनाअखेरीस साऱ्या देशाचे इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद होते.

परदेशी जाणे हा चौथा मार्ग, आणि तो फार अरुंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईत शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थिनींना काबूलच्या विमानतळावरूनच परत पाठवले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये १९ वैद्यकीय विद्यार्थिनी स्कॉटलंडमध्ये पोचल्या, त्यासाठी सुमारे तीन वर्षे खटपट करावी लागली. भारताचे नाव या संदर्भात विशेष घ्यावे लागते, कारण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तींवर अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे येथे शिकत आले आहेत, आणि पुणे हे त्यांच्या आवडत्या शहरांपैकी एक. मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द ठरवले, आणि सुट्टीसाठी मायदेशी गेलेले अनेक विद्यार्थी तेथेच अडकले. सुरक्षेची कारणे समजण्यासारखी होती. पण ज्या मुलींचे विद्यापीठ पुढे दीड वर्षाच्या आत बंद झाले त्यांच्यासाठी पुण्यातली जागा ही दुसरी संधी नव्हती, एकमेव संधी होती, ही बाब त्या निर्णयात पुरेशी धरली गेली असे म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीला आले. १० तारखेच्या त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत स्त्री पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. त्यावर टीका झाल्यानंतर १२ तारखेला दुसरी परिषद घेऊन त्यांना बोलावण्यात आले. मुलींच्या शिक्षणाविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले की आम्ही ते धर्माने निषिद्ध ठरवलेले नाही, पुढील आदेशापर्यंत थांबवले आहे. आणि शाळांतून, मदरशांतून शिकणाऱ्या एक कोटींमध्ये २८ लाख मुली व स्त्रिया असल्याचे त्यांनी सांगितले. या आकड्यात सहावीपर्यंतच्या मुली आणि मदरशांतल्या विद्यार्थिनी येतात; प्रसाविका होऊ शकेल अशी मुलगी त्यात शोधावी लागेल.

त्याच दौऱ्यात भारताने आरोग्यक्षेत्रातील मदतीची यादी जाहीर केली. तिच्यात पक्तिका, खोस्त आणि पक्तिया या तीन प्रांतांत पाच प्रसूती दवाखाने बांधण्याचा समावेश आहे. निवड चुकीची नाही. खोस्तमध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था २०१२ पासून प्रसूतिगृह चालवते आणि तेथील गर्दी गरजेची साक्ष देते. याच संस्थेने डिसेंबर २०२४ च्या बंदीनंतर सांगितले होते की अफगाणिस्तानातील तिच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, आणि स्त्रिया शिकल्या नाहीत तर पुढे कामाला माणसे कोठून आणायची हा प्रश्न तिच्यापुढेही आहे. भारताने बांधायच्या पाच दवाखान्यांत रात्रंदिवस बाळंतपणे करायची तर प्रत्येक ठिकाणी पाळीपाळीने काम करणाऱ्या अनेक प्रसाविका लागतील. इमारती उभ्या राहतील तेव्हा त्या नेमाव्या लागतील २ डिसेंबर २०२४ पूर्वी पदविका मिळवलेल्यांमधून, म्हणजे आज दुसऱ्या कोणत्या तरी दवाखान्यात कामावर असलेल्यांमधून.